पानगीवरचा कागद

माझ्या आईला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. एका मोठ्या तापानंतर तिचा वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आम्ही वाट बघितली. लवंग, कापूर, ठेचलेलं आलं, सगळं तिच्या नाकाशी धरून झालं. सुरुवातीला आई दर वेळी मान हलवून नाही म्हणायची. मग एक दिवस तीच म्हणाली, "पुरे गो आता. आलं फुकट घालवू नको." तिच्या बाजूने तो विषय तिथेच संपला.

आई रत्नागिरीत स्वतःच्या घरात एकटी राहते. भाट्याच्या पुलाकडे उतार लागतो त्या बाजूला घर आहे. मागे परसात दोन माड, एक कढीपत्ता आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळी. मी गावातच राहते, लग्न होऊन गेले ती काही फार लांब गेले नाही. धाकटा भाऊ मुंबईला. बाबा गेल्यापासून तो आईला म्हणतोय, चल माझ्याकडे. आई दर वेळी "बघू" म्हणते. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, हे त्यालाही माहीत आहे.

ज्यांनी आईला पूर्वी स्वयंपाक करताना बघितलंय त्यांनाच कळेल की वास गेला म्हणजे तिचं काय गेलं. ती भांड्यात डोकावून बघायचीच नाही. ओटीवर तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तिथूनच सांगायची, "भाताखालचा जाळ कमी कर, लागेल आता." पानगीच्या बाबतीत तर विचारूच नका. तांदळाचं पीठ ताकात भिजवायचं, त्यात किसलेलं तवसं, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, मीठ, जिरं. केळीच्या पानाला तूप लावून त्यावर ते थापायचं, वरून दुसरं पान झाकायचं आणि सगळं तव्यावर टाकायचं. खालचं पान करपलं की उलटायचं, दुसरंही करपलं की पानगी झाली. आई तव्याकडे पाठ करून नारळ खवत बसायची. पान करपल्याचा वास आला की उठायची, उलटायची, पुन्हा येऊन बसायची. तिची पानगी कधी कच्ची राहिली नाही की जळली नाही. गुहागरचं माहेर तिचं, पानगी तिथूनच आलेली.

वास गेल्यावर आधी दूध जळलं. मग डाळ, मग पुन्हा दूध. भांडी घासून माझ्या मनगटाचा जीव गेला, पण तेवढ्याने कोणी काही बोललं नसतं. मग एका संध्याकाळी मी घरात शिरले तर दारातच गॅसचा वास भसकन अंगावर आला. बटण अर्धवट फिरलेलं. आई देवापाशी बसली होती, हातात काड्यापेटी. मी दारातूनच अशी किंचाळले की तिच्या हातातली पेटी खाली पडली. "काय झालं गो? साप आला काय?" तिने विचारलं. ती त्या वासात बसली होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं. खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला आणि अंगणात येऊन भावाला फोन लावला.

तो पुढच्याच शनिवारी आला. त्याची बाजू मला कळत होती. त्याच्या जागी मी असते तर आईला उचलून गाडीत घातलं असतं. पण आईही काही कमी नाही. शेवटी असं ठरलं की गॅस घरातून जाईल. त्या जागी इंडक्शन येईल आणि एअर फ्रायर येईल. "पण आई," भाऊ म्हणाला, "आता पुन्हा काही पेटलं, जळलं, तर मी ऐकणार नाही. घर बंद करायचं आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?" आईने एकदा स्वयंपाकघरावर नजर फिरवली. मग म्हणाली, "कबूल." या वेळी बघू म्हणाली नाही, म्हणून मला जरा भीती वाटली.

एअर फ्रायर आला. मोठं काळं अंडं ओट्यावर बसल्यासारखं ते यंत्र. आई त्याला डबाच म्हणायची, अजूनही म्हणते. भावाने फोनवर तोंड दाखवून तिला शिकवलं. खण ओढायचा, आतल्या जाळीवर पदार्थ ठेवायचा, खण ढकलायचा, दोन बटणं फिरवायची. वेळ संपली की घंटी वाजते आणि आपोआप बंद होतं. भावाला ही घंटी फार आवडली होती. वास येत नसला तरी घंटी ऐकू येते ना, असं त्याचं म्हणणं. त्याने बटाट्याचे काप करायला लावले. आईने केले, चवीला घेतले आणि फोनसमोर म्हणाली, "बरे आहेत हो." फोन बंद झाल्यावर ते शेजारच्या काकींच्या घरी पोचते केले.

यंत्राबरोबर माझ्या भावजयीने कागदाचं एक छोटं भेंडोळं पाठवलं होतं. तो बेकिंगचा कागद, पार्चमेंट म्हणतात तो. आमच्याकडे असल्या सगळ्याच कागदांना बटर पेपर म्हणायची रीत. भावजयीने फोनवर सांगितलं, हा खाली घाला म्हणजे आई, तुम्हाला जाळी घासावी लागणार नाही. भावजय मनाने चांगली आहे, फक्त सांगताना नेहमी अर्धंच सांगते. आईला यंत्र नाही आवडलं, पण कागद फार आवडला. पुढच्या वेळी मी गेले तर परसातल्या दोरीवर, परकराच्या शेजारी, दोन कागद चिमटे लावून वाळत घातलेले. मी हसत सुटले. "हसतेस काय?" आई म्हणाली. "धुतला की स्वच्छ निघतो. चांगली वस्तू एकदा वापरून टाकायची काय?" तेव्हा मी एवढंच म्हटलं की अगं, धुतलेला कागद मऊ पडतो, फाटतो, तो परत आत घालू नको. तिने ऐकलं असं दाखवलं.

मग पावसात माकडांनी आमच्या केळी झोपवल्या. ज्यांच्या परसात माकडं येत नाहीत त्यांना हे कळायचं नाही. पूर्ण कळपच उतरतो, आणि खाण्यापेक्षा मोडण्यातच त्यांना गोडी. एका सकाळी बघितलं तर केळी आडव्या, पानांच्या चिंध्या. काकींच्या परसातही तेच. आई काठी घेऊन न्हाणीच्या दगडावर उभी राहून माकडांना अशा काही शिव्या देत होती की मी परत वळून थोडं थांबूनच आत गेले.

त्याच आठवड्यात मी फोनवर सहज बोलून गेले होते की किती दिवसांत पानगी खाल्ली नाही. आईच्या डोक्यात ते राहिलं. आता तवा इंडक्शनवर बसेना, कारण तो जुना, बुडाला गोल. पानं माकडांनी फाडलेली. राहिला डबा आणि राहिला कागद. आईने विचार केला आणि विचार केला तो तिच्या परीने अगदी बरोबर केला. पान नाही तर कागद. खाली एक कागद, त्याला तूप, त्यावर पीठ थापलं, आणि वरून दुसरा कागद झाकला. पानगी आहे म्हटल्यावर वर पान नको? खण ढकलला, बटणं फिरवली आणि ती परसात मिरच्या तोडायला गेली. घंटी वाजेल तेव्हा येऊ, असं तिच्या मनात होतं.

मी त्या रविवारी सकाळी नेहमीसारखी गेले. फाटकाशीच जळका वास आला. कागदाचा वास, पानाचा नव्हे. चपलांसकट आत धावले. स्वयंपाकघरात डब्याच्या मागच्या झडपेतून काळपट धूर येत होता. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि खणाला हात लावणार तेवढ्यात स्वतःलाच थोपवलं. आत काही धुमसत असेल आणि आपण वारा दिला तर भडकेल. तशीच उभी राहिले. दारं-खिडक्या उघडल्या. धूर हळूहळू कमी झाला, थांबला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

खण ओढला तर वरचा कागद जागेवर नव्हताच. पंख्याने तो उचलून वर नेला होता आणि वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटून त्याचा कोळसा झाला होता. पानगीवर काळी राख पडलेली. पानगी खालून कच्ची, वरून राखेची.

आई मिरच्यांचा ओचा धरून दारात उभी होती. धूर तिला दिसत होता. डोळ्यांनी दिसला तेव्हाच तिला कळलं होतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. घाबरले की मी ओरडते, ही माझी लहानपणापासूनची खोड. "वर कागद कोण घालतं आई? मोकळा कागद? आत पंखा आहे, माहीत नाही तुला? घर पेटलं असतं म्हणजे?"

"पानगी आहे ती," आई म्हणाली. "पानावर पान घालतात. उघडी पानगी कधी खाल्लीयेस तू?"

"हे पान नाही!"

"ते आता मला पण कळलं." तिने मिरच्या ओट्यावर ठेवल्या. मग हळूच म्हणाली, "परसात होत्ये मी. आधी मला पुलापलीकडून वास आला असता."

हे ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मग मी मिरच्यांचे देठ काढत बसले.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "त्याला कळलं तर मला नेईल."

"कोण सांगतंय त्याला?" मी म्हटलं. "मी नाही सांगणार."

आईने माझ्या हातातली मिरची काढून घेतली. "तू लपवू नको आणि सांगू पण नको. घर माझं, जळलं तर माझं जळलं. तो येईल तेव्हा मी सांगेन त्याला. पण तोपर्यंत मला हे नीट करायला शिकव. चूक झाली एवढंच सांगायचं नाय मला. नीट करत्ये, हे पण दाखवायचं आहे."

त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तोंडावर मात्र मी म्हटलं, "आधी हा डबा साफ कोण करणार?"

डबा पूर्ण थंड झाल्यावर आम्ही दोघींनी तो उलटा करून साफ केला. जुन्या दात घासायच्या ब्रशने कॉइलवरचा कोळसा झाडला, ओल्या फडक्याने पुसला, सुकू दिला. आईने पहिल्यांदाच आत वर वाकून बघितलं. कॉइल आणि तिच्यामागचा पंखा बघून ती म्हणाली, "म्हणजे जाळ वर आहे होय? मला वाटलं, खाली असणार."

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला आठवलं, आमच्या लहानपणी आई आम्हाला धोंडस करून द्यायची. तवशाचा तो जाड केक. पातेलं चुलीवर ठेवायची आणि वरच्या झाकणावर निखारे पसरायची. म्हटलं, "आई, हे धोंडसासारखं आहे. झाकणावर निखारे ठेवायचीस ना? इथे तेच, फक्त निखारे वर आतच टांगलेत. आणि कोणीतरी सतत फुंकर घालतंय."

आई मला म्हणाली, "मग हे आधी सांगायचं नाय काय? निखाऱ्यांखाली सुकं पान मोकळं कोण ठेवेल?"

पुढे शिकवायला मला काही फारसं करावं लागलं नाही. कागद खाली, पदार्थाच्या वजनाखाली, दाबून. वर काही नाही. यंत्र आधी रिकामं तापवून घेताना कागद आत नको, कारण त्याच्यावर वजनच नाही, तो उडून वर जाणार. कागदाच्या कडा जाळीबाहेर डोकावता कामा नयेत, आणि अगदी सगळी जाळीही झाकायची नाही, कारण वारा खालून फिरायला जागा हवी. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि कात्रीने कागद गोल कापला. जाळीपेक्षा बोटभर कमी. मग पीठ नेहमीपेक्षा घट्ट भिजवलं, कारण पातळ पीठ पंख्याच्या वाऱ्याने सरकलं असतं, हे तिच्या तिनेच ओळखलं. ओल्या हाताने कागदभर थापलं. आम्ही दोघी त्या डब्यासमोर स्टुलं घेऊन बसलो, टीव्हीवर मालिका बघावी तशा.

मध्येच तिने खण ओढून बघितला. "कागद अजून पांढराच आहे," ती म्हणाली आणि परत ढकलला. दुसऱ्यांदा बघितला, परत ढकलला. बटण आणखी पुढे फिरवायला तिचा हात गेला तेव्हा मी धरला.

"काय करतेस?"

"करपल्याशिवाय झाली कशी म्हणायची?"

म्हणजे पन्नास वर्षं हातात मुरलेली गोष्ट अजून गेलेली नव्हती. पानाचं करपणं ही खूण होती, कागदाचं करपणं हा धोका होता. तपकिरी होऊन कुरकुरीत झाला, म्हणजे त्याला सोसेल त्यापेक्षा जास्त ताप दिला. मी तिला भेंडोळ्याच्या खोक्यावरचा आकडा दाखवला, किती तापमानापर्यंत चालेल तो. बारीक अक्षर तिला दिसेना. मग यंत्र तेवढ्यापुरतं बंद करून मी घरी गेले, माझ्या मुलीची नेलपॉलिश घेऊन आले आणि यंत्राच्या बटणाशी त्या आकड्याच्या बऱ्याच अलीकडे लाल ठिपका दिला. "याच्या पुढे नाही." आईला तो ठिपका पसंत पडला. म्हणाली, "कुंकू लावल्यासारखं दिसतंय."

पण मग पानगी झाल्याचं कळणार कसं? आईने यंत्र पुन्हा लावलं. मग उलथन्याचं टोक तिने कडेला घातलं आणि उचलून बघितलं. पीठ कागदाला धरून होतं. ठेवलं तसंच. थोड्या वेळाने पुन्हा उचललं. कागद अलगद सुटला. "हां," ती म्हणाली. "पानावर पण असंच असतं. झाली की सोडते. मला कधी बघायला लागलं नाय, वासावरच व्हायचं." तिने पानगी उलटली, कागद काढून बाजूला ठेवला आणि दुसरी बाजू तशीच उघडी भाजली. आम्ही ती लोण्याबरोबर खाल्ली. पहिली जरा वातड झाली होती. दुसरी बरी झाली.

कागदाचं भेंडोळं मात्र लवकर संपलं. आईने मला बाजारातून आणायला सांगितलं. मी "बटर पेपर" म्हटल्यावर वाण्याने मिठाईच्या खोक्यात घालतात तसा चकचकीत कागद पुढे केला. मी त्यावर नख ओढलं. नखात मेण आलं. तो पदार्थ गुंडाळायला ठीक, पण तापवला तर मेण वितळून पदार्थात उतरायचं, धूर व्हायचा, कदाचित पेटायचाही. मी म्हटलं, ओव्हनमध्ये चालतो तो द्या, तापमान लिहिलेला. वाणी म्हणाला, सगळे हाच नेतात ताई. नेत असतील. मी तीन दुकानं फिरले आणि शेवटी बेकरीचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला. तो घरी नेऊन वाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा आईनेही आधी नखच ओढून बघितलं.

दिवाळीच्या आधी भाऊ आला. एकटाच. बॅग ठेवता ठेवताच म्हणाला, "आई, या वेळी मी जातानाची तिकिटं दोन काढलीयेत. दिवाळी आमच्याकडे, आणि मग थंडीभर राहा. आवडलं तर..." पुढचं त्याने बोलायचं टाळलं. आवडलं तर कायमचं, हे आम्हा तिघांनाही ऐकू आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईने हाताने मला गप्प केलं.

सकाळी तिने पानगी केली. मागे केळीला नवे कोंभ आले होते, पण पान कापण्याजोगं अजून नव्हतं, म्हणून कागदावरच. भाऊ ओट्याला टेकून बघत होता. आईने कागद कापून जाळीवर ठेवून बघितला, काढला, यंत्र रिकामं तापवलं, मग कागदावर पीठ थापून आत घातलं आणि तिथेच उभी राहिली. परसात गेली नाही. उलथनं घालून कड उचलून बघितली. तो हसून म्हणाला, "आई, तू तर एकदम एक्सपर्ट झालीस."

तेव्हा तिने सांगितलं. त्याच्या ताटात पानगी वाढता वाढता, लोणी घालता घालता. "पावसात एकदा आत कागद पेटला होता. धूर झाला. हिने येऊन बंद केलं. मी परसात होत्ये, मला कळलं नाय."

भावाने हातातला घास खाली ठेवला. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"मी सांगत्ये ना आता," आई म्हणाली. "खा आधी. थंड होते."

तो खाऊ लागला. पण त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. मला वाटलं, आता झालं. आपलं ठरलं होतं, तो म्हणेल, आणि त्याचं चुकीचंही नसेल. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. पण तो खाताना एकदम थांबला आणि अगदी लहान असल्यासारखं म्हणाला, "आई, या पानगीला पानाचा वास येत नाही गं."

तक्रार नव्हती ती. त्याला खरंच चुकल्यासारखं वाटलं होतं.

आई म्हणाली, "मला पानावरच्या पानगीचा पण येत नाय."

गॅस, धूर, घंटी, ठिपका, सगळं बोलून झालं होतं आमचं. पण इतक्या दिवसांत आम्हा दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं की आई, तुला जेवण कसं लागतं.

"मग तुला चव..." त्याने अर्धवटच विचारलं.

"आंबट, खारट, गोड कळतं. बाकीचं आठवून खात्ये." तिने स्वतःच्या पानगीवर लोणी पसरलं. "इथं बसल्ये की आठवतं. त्या खिडकीतून परस दिसतो, तव्याची जागा दिसते. पानगी तोंडात घातली की वास आल्यासारखा होतो. तुझ्या घरी सगळं चांगलं आहे रे. सून माझी गुणाची आहे. पण तिथं बसून मी काय आठवू?"

ताटातली पानगी भावाने शेवटच्या कणापर्यंत संपवली, दुसरी मागून घेतली. हात धुतले. आणि मग बराच वेळ परसात जाऊन त्या केळीच्या कोंभांपाशी उभा होता. मी भांडी घासत होते, खिडकीतून तो दिसत होता. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे भांडी नीट घासली गेली नसणार.

दुपारी मी परत गेले तर भाऊ पाटावर मांडी घालून बसला होता. समोर कागदाचं अख्खं नवं भेंडोळं, शेजारी एअर फ्रायरची जाळी आणि कात्री. एकेक कागद जाळीवर ठेवून, बोटभर आत मोजून, तो गोल कापत होता. कोणी काही सांगितलं नसताना. कापलेल्या कागदांची चळत ओट्यावर लावून, ती उडू नये म्हणून त्याने वर एक जड वाटी उपडी ठेवली. आई दाराशी बसून बघत होती.

"एवढे कशाला रे?" ती म्हणाली. "एवढे संपेपर्यंत तरी मी इथंच म्हणायची."

"संपत आले की सांग," तो मान वर न करता म्हणाला. "आणखी कापून देतो." दुसऱ्या तिकिटाचं काय केलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा गेला.

आठवड्याने मी आईकडे गेले. परसात पाऊल टाकलं आणि थबकले. दोरीवर, चिमटे लावून, ते गोल कागद ओळीने वाळत होते. वाऱ्याने हलत होते. ओरडायला तोंड उघडलं आणि एकदम मला कळलं की ती ते का धुतेय. मी तशीच घरातून पुढे अंगणात गेले आणि भावाला फोन लावला.

"आणखी कागद कापून पाठव," मी म्हटलं.

"संपले पण एवढ्यात?"

"नाही. धुऊन वाळत घातलेत. संपू नयेत म्हणून."

तिकडून कपाट उघडल्याचा आणि कात्रीचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आईला सांग, धुवू नकोस. मी कापायला बसलोच आहे."